तिसऱ्या जिन्याची चार बुचे

माझे नाव सेल्मा आर्विड कॉइविस्तो, वय २२ वर्षे, धंदा वडिलांच्या जिने बांधण्याच्या कामाची बिले व पत्रव्यवहार पाहणे, शिक्षण बारावीपर्यंत, सर्व घरीच आईजवळ, राहणार फर्न क्रीक रस्ता, बॅटल ग्राउंडच्या उत्तरेस, क्लार्क काउंटी, वॉशिंग्टन राज्य. आज सोमवार, दि. १६ जून २०२५ रोजी दुपारी १२.४० वाजता शेरीफच्या कार्यालयात डेप्युटी ओर्टेगा यांच्यासमोर बसून, त्यांनी विचारले ते आणि न विचारले तेही, मी सांगते ते असे.

मी वरील पत्त्यावर आईवडील व दहा धाकट्या भावंडांसह राहते. वडील आर्विड, वय ५६, लाकडी जिने व कठडे करतात. मी सात वर्षांची असल्यापासून त्यांच्यामागे भुसा झाडत आले आहे. अपूर्णांक मी पायऱ्यांवर शिकले.

तक्रार देणारे डेल रौटिओ आमच्याच चर्चच्या मंडळीतले आहेत. आमच्यात एकमेकांना भाऊ म्हणतात. ते घरे बांधून विकतात. त्यांनी टेकडीवर बांधलेल्या नव्या घरातले तिन्ही जिने वडिलांनी केले. ठरले ते तोंडी. ओकचे लाकूड आणण्यासाठी आम्ही आमच्या राहत्या घरावर कर्ज काढले. १४ मार्चला ३८,४०० डॉलरचे बिल मी लिहिले आणि त्याखाली ‘तिन्ही जिन्यांचे काम आज पूर्ण झाले’ असेही लिहिले. बिलावर असे लिहावे लागत नाही. पूर्ण झाले आहे तर लिहावे, असे मला वाटले.

पैसे आले नाहीत. बँकेने आमच्या दारावर जप्तीची सूचना चिकटवली आहे. आई ती काढत नाही आणि वाचतही नाही.

डेप्युटींनी विचारल्यावरून सांगते, की काम करून पैसे बुडाले तर आमच्या राज्यात त्या घराच्या नोंदीवर बोजा चढवता येतो. तो उतरवल्याशिवाय घर सुखासुखी विकता येत नाही, म्हणून मालक पैसे देतो. पण काम थांबल्यापासून नव्वद दिवसांत अर्ज नोंदवावा लागतो. एक दिवस उशीर झाला तरी हक्क जातो. अर्जात कामाचा शेवटचा दिवस लिहायचा असतो आणि हे खोटे निघाल्यास मी शिक्षेस पात्र आहे, असे म्हणून सही करायची असते. आमच्या कामांवर ती सही मी करते. टेकडीवरच्या घराची मुदत १२ जूनला संपत होती.

दि. १० जून रोजी सकाळी नाश्त्याच्या वेळी मी वडिलांना म्हणाले, “बाबा, गुरुवारी मुदत संपते.”

“कसली?”

“बोजाची. डेलभाऊंच्या घराची.”

“भावाच्या घरावर बोजा? आणि रविवारी प्रार्थनेला त्याच्या शेजारी कोण बसणार, तू?”

आई म्हणाली, “मी बसते. पैसे मिळू देत, त्याच्या दोन्ही बाजूंना मीच बसते.”

भावंडे हसली. वडील हसले नाहीत. आमच्या मंडळीत भावाला कोर्टाच्या कागदात ओढत नाहीत. ते एवढेच म्हणाले, “तो देईल. त्याने माझ्या डोळ्यांत बघून सांगितलंय.”

दि. १२ जून रोजी दुपारी २ वाजल्यापासून मी नोंदणी कार्यालयासमोर गाडीत बसून होते. अर्ज भरून मांडीवर ठेवला होता. नोंदवण्याचा अधिकार मला होता, वडिलांची परवानगी नव्हती. कार्यालय चार वाजता बंद झाले. एक बाई दाराला आतून कडी लावताना माझ्याकडे बघत होत्या. मी घरी आले आणि कोणाला काही सांगितले नाही.

दि. १५ जून, रविवारी, प्रार्थनेनंतर कॉफी घेताना डेलभाऊंच्या पत्नीने आईला सांगितले, की टेकडीवरचे घर विकले गेले, शुक्रवारी दस्त होणार. त्यातून हाती काय येणार, असे वडिलांनी तिथेच डेलभाऊंना विचारले. डेलभाऊ म्हणाले, “काही नाही रे, सगळं बँक घेऊन जाते. पुढच्या घरातून देतो तुला.” वडिलांनी त्यांचा हात हातात घेतलेला होता. तो त्यांनी नीट सोडला.

घरी आल्यावर वडील मला म्हणाले, “कर तुझा कागद.” मी सांगितले की मुदत गुरुवारीच गेली.

इथे एक रीत सांगणे आवश्यक आहे. कठडा खांबाला बोल्टने आवळतात आणि बोल्टच्या भोकावर लाकडी बूच बसवतात. माझे आजोबा शेवटची चार बुचे लगेच बसवत नसत. घरातल्या शेगडीच्या उष्णतेत लाकूड एक हिवाळा वाळू द्यायचे, मग परत जाऊन बोल्ट आवळायचे आणि तेव्हा बुचे बसवायची. तोपर्यंत काम चालू धरायचे. वडील काही जिन्यांना ही रीत पाळतात. घाईच्या गिऱ्हाइकाला नाही. डेलभाऊंना घाई होती.

रविवारी जेवताना मी म्हणाले, “बुचं राहिली असती, तर तारीख अजून चालू असती.” मी सहज म्हणाले, असे लिहून घेऊ नये. वडील ऐकत आहेत हे मला दिसत होते.

आज सकाळी ७.१० वाजता वडील पेटी घेऊन निघाले. मी अंगणात विचारले, “कुठे?”

“तिसऱ्या जिन्याची चार बुचं राहिलीत.”

“मार्चमध्ये राहिली होती का, बाबा?”

“जिना कोणी केला?”

“तुम्ही.”

“मग?”

मी पाऊण तासाने आईच्या गाडीतून मागे गेले. टेकडीवरच्या घराचे पुढचे दार उघडे होते. ते फोडलेले नव्हते. दाराला टांगलेल्या किल्लीच्या डबीच्या कुलुपाचा आकडा बांधकामापासून तोच आहे आणि तो वडिलांना माहीत आहे. वडील तिसऱ्या जिन्यावर गुडघे टेकून बसले होते. डेलभाऊ खाली उभे राहून फोनवर पोलिसांना पत्ता सांगत होते. पुढील बोलणे मी स्वतः ऐकले.

डेलभाऊ म्हणाले, “काल माझा हात हातात घेतलास आणि आज माझ्या घरात घुसतोस?”

वडील म्हणाले, “घुसलो नाही. काम पुरं करतोय.”

“तीन महिन्यांनी?”

“तू पैशाची घाई केली नाहीस. मी बुचांची का करू?”

“तुझ्या पोरीनं बिलावर ‘पूर्ण’ लिहिलंय, आर्विड. सुंदर अक्षर आहे. मी जपून ठेवलंय.”

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नाही.

डेप्युटी ओर्टेगा ८.२५ च्या सुमारास आले. त्याआधी डेलभाऊ फाटकापर्यंत गेले असता मी जिना चढले. बुचे बसवून झाली होती. पायरीवर ढलप्या पडल्या होत्या. नवे बूच तासले तर ढलपी कोरी पडते. या ढलप्यांना एका बाजूने चकाकी होती आणि काहींना जुना वाळलेला सरस. चकाकी मार्चमध्ये दिलेल्या रोगणाची आहे. म्हणजे जुनी बुचे आज सकाळी कोरून काढली आणि त्याच जागी नवी बसवली. वडिलांना मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही. मी त्या ढलप्या हाताने गोळा करून झग्याच्या खिशात टाकल्या, पोलिसांना दिसू नयेत म्हणून. त्या आता या टेबलावर ठेवल्या आहेत. एकूण अकरा आहेत. पायरीवर मी बारा मोजल्या होत्या, बारावी सापडली नाही.

डेप्युटींनी मला फक्त दाराबद्दल विचारले होते. ढलप्यांबद्दल मी सांगितले नसते, तर आज चारपूर्वी अर्ज नोंदवता आला असता आणि शेवटच्या दिवसाच्या रकान्यात आजची तारीख घालता आली असती. कदाचित शुक्रवारी पैसेही मिळाले असते. हे मला समजते. मी तो अर्ज नोंदवणार नाही. १२ तारखेला खरा होता तेव्हा मी तो नोंदवला नाही, हा दोष माझा आहे. वडिलांनी जे केले ते माझ्या वाक्यानंतर केले. घरी दहा मुले आहेत, सर्वांत धाकटी चार वर्षांची, एवढे कोणाला विचारात घेता येत असेल तर घ्यावे.

जबाब चालू असताना मला पाणी प्यायला बाहेर जाऊ दिले. वडील बाकावर बसले होते. ते म्हणाले, “सांगितलंस?”

मी म्हणाले, “हो.”

“सगळं?”

“हो, बाबा.”

“बरं,” ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, सकाळपासून मी काही खाल्ले आहे का.

हा जबाब डेप्युटी ओर्टेगा यांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितल्याप्रमाणेच तो लिहिला आहे. तक्रारीत ‘जिन्याचे नुकसान केले’ असे शब्द आहेत, तेवढ्यापुरती माझी हरकत नोंदवून घ्यावी. जिन्याचे नुकसान झालेले नाही. मी कठड्यावरून बोट फिरवून पाहिले आहे. नवी बुचे कुठे आहेत ते हाताला लागत नाही.

सही
सेल्मा कॉइविस्तो
दुपारी २.५५