दोघांना त्रेसष्ट

औरंगपुऱ्यातल्या नेटकॅफेत आयटीआयचे अर्ज भरायला रांग होती. रांगेत रत्नमालाच्या पुढं सोयगावचे रामकिसन उभे होते, सोबत त्यांची जुळी, करुणा आणि अभय.

“दहावीला हिला एक्क्याण्णव, ह्याला पस्तीस. गावात मी दोघांना त्रेसष्ट सांगतो,” रामकिसन मागं वळून रत्नमालाला म्हणाले.

“अप्पा, माझे अठ्ठावीस गेले की,” करुणा म्हणाली.

“घरातच हायेत ना.”

“पस्तीसबी हिनं शिकवलं म्हणून आले,” अभय म्हणाला.

“ट्रेड सांगा, काका,” कॅफेवाला म्हणाला.

“पोराला डिझेल मेकॅनिक, पोरीला शिवणकाम.”

“अप्पा, आपला ट्रॅक्टर कोण दुरुस्त करतं?” अभयनं विचारलं.

“करुणा.”

“अन् तुमच्या अंगातला शर्ट मी शिवलाय.”

रामकिसननी शर्टाची शिवण निरखून पाहिली.

“अदलाबदल करा, साहेब.”

“आता गावात काय सांगशाल, अप्पा?” करुणानं विचारलं.

“लई उपकार केलेस, पोरी. एक्क्याण्णव सांगीन, पस्तीसबी सांगीन. दोन्ही तुझेच हायेत.”