हातातली टोपी

नाही, टोपी नको. बोडक्यानंच काढा फोटो— अहो, कॉलेजनं सांगितलं असेल तुम्हाला, भिंतीवर टोपीतला कोच हवा म्हणून, पण मी टोपी घालत नाही. सव्वीस वर्षं झाली. खुंटीवर आहे ती? हो, तीच ती. असू दे तिथंच.

बसा ना. कॅमेरा ठेवा टेबलावर. कॉफी?— नको तर नको. काय विचारलंत तुम्ही, चार कॉलेजं, अमेरिकन फुटबॉलचे एकशे बारा विजय, त्याचं गुपित काय? गुपित कसलं, ही टोपी. आमच्या वेळी सामना सुरू झाला की कोचनं बाहेरून ब्रसुद्धा काढायचा नाही, नियमच होता— पोरांना महिनोन्‌महिने घासायचं आणि ऐन दिवशी बाकावर मूग गिळून बसायचं. मग खुणा करायचो. सगळेच करायचे, मी एकटा नाही. टोपी डोक्यावर असली तर तुमची चाल तुम्ही ठरवा, हातात आली की चेंडू आंडर्सकडे, त्यानं तो पोटाशी धरून समोरच्यांच्या रांगेत घुसायचं. आंडर्स ट्वाइट— नॉर्वेजियन शेतकऱ्याचा पोरगा, मान अशी की कॉलरचं बटण लागायचं नाही.

तर नोव्हेंबरातला शेवटचा सामना. जिंकायला चेंडू अजून दीड यार्ड पुढं न्यायला हवा, वेळ संपत आलेली, आणि आंडर्सच्या डोक्यात गुडघा बसला. बाहेर काढावा तर परत आत घेता येत नव्हतं, म्हणून थांबलो— थांबलो म्हणजे, उठला ना तो आपणहून. उठला आणि जाऊन उभा राहिला समोरच्या संघात. लोक हसले. कोलबर्ननं— आमच्या चाली तो पुकारायचा— दंडाला धरून आणला त्याला. मग सगळं मैदान टाळ्या वाजवायला लागलं. मीही उभा राहिलो, टोपी काढली. आदरानं हो, देवाशपथ आदरानं. खूणबीण मनात नव्हती.

कोलबर्ननं चेंडू दिला. दीड कसलं, चार यार्ड गेला आंडर्स. पडला तो उठलाच नाही. मंगळवारी गेला.

पेपरात आलं, जखमी खेळाडूपुढं टोपी काढणारा सभ्य कोच. त्या बातमीवर मोठ्या कॉलेजात बोलावलं मला. तिथं खुणेला रुमाल घेतला. आंडर्सची पेटी गावी न्यायला आलेल्या त्याच्या आईनं स्टेशनवर माझा हात धरला— "माझ्या लेकापुढं टोपी काढलीत तुम्ही." अजून दर नाताळात बटाट्याच्या पातळ पोळ्या पाठवते. खातो मी. लाज वाटते, पण खातो. लोणी लावून खातो.

चूक झाली, तुमचा काय दोष— असंच ना? कोलबर्न रडत होता तेव्हा त्यालाही मी हेच सांगितलं, चूक झाली. पण चाल पुकारायच्या आधी त्यानं दोनदा बघितलं होतं. एकदा टोपीकडं, एकदा माझ्या तोंडाकडं— खरंच का, असं विचारत. चांगली सात-आठ सेकंदं. टोपी डोक्यावर ठेवायला कितीसा वेळ लागतो? मी हात हलवला नाही. दीड यार्ड हवं होतं हो मला.

...हे कुणाला बोललो नव्हतो.

बरं, द्या ती टोपी इकडं. घालत नाही, हातात धरतो— अशी, छातीशी. छान दिसेल कॉलेजात. लोक म्हणतील, म्हातारा कुणाच्या तरी आदरानं उभा आहे. काढा. झाला? मग जाताना दार ओढून घ्या.