चवरी ढाळणारीचं तोंड

अध्यक्षस्थानी विराजमान मठाधिपती महाराज, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, आजचे सत्कारमूर्ती उकंडा गुरुजी, आणि ढाणकीचा बाजार सोडून आलेल्या मायबापहो, सर्वांना नमस्कार.

मी सुरभी, मठाच्या याच शाळेत मराठी शिकवते. सभेची सवय आहे मला, पण आज बोलणं सोपं नाही. कारण सांगतेच.

गुरुजींनी बत्तीस वर्षं चित्रकला शिकवली, आणि मठातल्या महाराजांची चित्रंही काढली. सभामंडपात आपण ती पाहता. चांदीचं आसन, पाठीशी लोड, हाताशी पानाचा डबा. एकाही महाराजांच्या तळपायाला माती कशी नाही? भक्त त्यांच्या गुडघ्याएवढेच का? शाळेत असताना मी हे विचारलं, तर गुरुजी म्हणाले, "रीतच हाय पोरी. ज्याले काम नाही तो मोठा काढा लागते. काम करणारा लहान."

विश्वस्त हसले, बरं वाटलं.

आणि मागे चवरी ढाळणारी बाई? तिचं तोंड कोरं ठेवायचं, हीही रीतच. माझी आई वच्छलाबाई सव्वीस वर्षं ती चवरी ढाळत होती. गेल्या पोळ्याला ती गेली. घरात तिचा एक फोटो नाही. म्हणून महाराजांचं नवं चित्र सुरू झालं तेव्हा मी गुरुजींना म्हटलं, "या खेपेले मायचं तोंड काढा नं." ते घाबरले. "काहून मले गोत्यात आणतं? रिटायर झाल्यावर मठाच्याच खोलीत राहाचं हाय मले."

तरी त्यांनी काढलं. आज सकाळीच मला सांगितलं, महाराजांच्या तोंडाएवढंच काढलं म्हणून.

थोड्याच वेळात ते चित्र महाराजांच्या हस्ते उघडलं जाईल. महाराज, मला तुमची भीती वाटते. माझी नोकरी तुमच्या सहीवर आहे. पण गुरुजींची खोली काढू नका. हट्ट माझा होता, रागवायचं तर माझ्यावर रागवा.

गुरुजी, तुमचे उपकार आहेत. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना काही उणंअधिक झालं असेल तर लेक समजून पोटात घाला. त्या चित्राची माफी मात्र मला मागता येत नाही. मी अजून ते पाहिलेलं नाही.

महाराज, पडदा काढता का? मले माय पाहाची हाय.