पाळीत वारंवार जागेवर नसते

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मॅनेजरसाहेब आणि पाहुणे मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती आपल्या नर्सबाई, आणि मशिनी बंद करून इथवर आलेल्या माझ्या भगिनींनो व बांधवांनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी या शिलाई कारखान्याचा हजेरी कारकून. माझा आवाज तुम्ही फाटकापाशी ‘उशीर झाला’ एवढ्यापुरताच ऐकलेला. काल मॅनेजरसाहेब म्हणाले, “बाईंविषयी चार चांगले शब्द बोला. फक्त तो विषय नको.” सकाळी देवापुढे बसलो तेव्हाही मनात तेच. नर्सबाईंची एकवीस वर्षं सांगायची आणि तो विषय गाळायचा, म्हणजे शिंप्याची गोष्ट सांगायची आणि सुई गाळायची. साहेब, मला ते जमायचं नाही.

तो विषय म्हणजे बायकांची पाळी. बघा, मागच्या रांगेत खोकला सुरू झाला. खोकून घ्या. आम्हीही असेच खोकलो होतो. गावच्या शाळेत पुस्तकात तो धडा आला तेव्हा गुरुजी म्हणाले, “हा घरी वाचा.” घरी कुणी वाचला? मी एकोणपन्नास वर्षांचा झालो, धडा वाचायचा राहिलाच.

नर्सबाईंना तुम्ही माघारी ‘केव्हापासूनबाई’ म्हणता, हे त्यांना ठाऊक आहे. काहीही होवो, त्यांचा पहिला प्रश्न “केव्हापासून?” आणि दुसरा “किती?” एकदा कापणी विभागातला एकजण बोट कापून धावत आला. बाई म्हणाल्या, “केव्हापासून?” तो म्हणाला, “बाई, आत्तापासून!”

हसलात, बरं झालं. आता माझ्या टेबलावरच्या बिल्ल्याकडे येतो. माझ्या विभागातल्या चाळीस बायांमागे एक पितळी बिल्ला. स्वच्छतागृहात जायचं तर तो माझ्याकडून घ्यायचा; जाण्याची आणि येण्याची वेळ मी वहीत लिहायची. सोळा वर्षं मी ही वही चोख ठेवली. माझी पत्नी कॉलरच्या रांगेत बसते. तिला सवलत नाही. उलट जरा जास्तच कडक, लोकांनी बोट दाखवू नये म्हणून.

मागच्या वर्षी तिच्या नावापुढे नोंदी वाढल्या. मी घरी काही विचारलं का? नाही. मी लाल शाईनं शेरा मारला : ‘पाळीत वारंवार जागेवर नसते.’ आपल्याकडे पहिली पाळी, दुसरी पाळी असते ना, त्या अर्थानं. शेरा पडला की तब्येतीची चौकशी करायचा नियम आहे, म्हणून वही नर्सबाईंकडे गेली. अर्ध्या तासात बाई वही घेऊन माझ्यासमोर हजर.

“वहीवाले दादा, कुठल्या पाळीत?”

“पहिल्या. सात ते तीन.”

“ते कळलं हो. सहा तारखेपासून सोळा तारखेपर्यंत रोज, आणि पहिले तीन दिवस तर तासातासाला. मागच्या महिन्यातही तसंच. मधले दिवस कोरे. अहो, तुम्ही आजार लिहून ठेवलाय आणि वर शेराही मारलाय! कोण ही?”

“आमची मंडळी.”

बाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, “दादा, तुमच्या घरातही बोलायला बिल्ला लागतो का?”



त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं बाईंच्या खोलीत. पत्नी माझ्यावरच चिडली. “अहो, कसला तमाशा हा? सत्तेचाळीस उलटली. माझ्या आईचंही असंच झालं होतं. पाळी जाताना असंच होतं.”

“जाणारी पाहुणी दार आपटत जाते का गं?” बाई म्हणाल्या. “महिन्या-महिन्यात थोडं कमी-जास्त होतंच. या वयात कधी लवकर येईल, कधी उशिरा. पण तूच आत्ता सांगितलंस, तासाला एक पॅड भिजतंय, रक्ताच्या मोठ्या गाठी पडतायत, सात दिवस उलटले तरी थांबत नाही, जिना चढताना धाप लागतेय. याला जाणं म्हणत नाहीत. दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त दिसलं तरी दाखवायचं. आणि वर्षभर बंद राहून पुन्हा एक थेंब जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. केव्हापासून चाललंय हे?”

“आठ महिने,” पत्नी म्हणाली.

आठ महिने! एका छताखाली, एका ताटाच्या अंतरावर. रोज देवाजवळ ‘घरात सुख ठेव’ म्हणणारा मी. मला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

बाईंनी डॉक्टरांकडे धाडलं तेव्हा कळलं, तिच्या अंगात रक्त निम्मंही उरलं नव्हतं. गर्भाशयात गाठ होती, साधी निघाली, ही देवाची कृपा. आधी रक्त चढवलं, मग शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडं थांबला असतात तर अवघड होतं. आज ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि माझ्याकडे डोळे वटारून बघते आहे. तिची परवानगी घेतली आहे. म्हणाली, “बोला, पण लांबवू नका.”

तर थोडक्यात सांगतो. बाई आज चालल्या. त्यांची जागा भरायची नाही असं ठरलंय. सोमवारपासून त्या खोलीत बटणांची आणि चेनची खोकी लागणार. सहाशे बाया काम करतात इथे, साहेब. त्यांना ‘केव्हापासून’ कोण विचारणार? खोकी? मी तीन अर्ज दिले. तिन्हींवर ‘पाहू’ लिहून आलं. आता इतक्या लोकांसमोर विचारतो : केव्हापासून पाहणार?

बाईंना शाल द्यायचं काम मोठ्यांचं. माझ्याकडे द्यायला एकच वस्तू आहे. हा तो बिल्ला. बाई, तो तुम्ही घरी घेऊन जा. सोमवारी माझ्या टेबलावर बिल्ला नसेल, वहीही नसेल. त्याबद्दल माझ्या नावापुढे शेरा पडला तर पडू दे.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. पण भगिनींनो, एवढं सोडून आता दुसरं काहीही पोटात घालू नका.