केळीमॅनची आरोळी

आमचा केळीमॅन माहितीये ना? शत्रूच्या पायाखाली साल टाकणारा सुपरहिरो! ते कॉमिक मीच काढतो. खपतच नव्हतं, म्हणून बंद करायचं ठरवलं. उरलेले अंक घ्यायला शहाद्याच्या एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर गेलो, तर एक भाजीवाली मावशी तेच वाचत खळखळून हसत होती.

मी विचारलं, "आवडलं का, मावशी?"

"भारी शे! पन हाऊ केळीमॅन उडस शहादावर अन् बोलस तलाठीसारखा. 'थांब, दुष्टा!' असं आपला गावमा कोन म्हनस रे?"

"मग काय म्हणावं?"

मावशी उठून ओरडली, "कथा पळी ऱ्हायना रे, मुडदा?"

'कुठे पळतोयस' हे आपल्यालाच विचारलं असं वाटून, प्रकाशा गावाला सुटलेली एसटी ब्रेक मारून जागीच थांबली.

अंक तिथेच ठेवून मी घरी आलो. केळीमॅन आता हीच आरोळी ठोकतो. हिरोला आवाज देणारी वाचक मिळाली, मग खप गेला खड्ड्यात!