दारात आलेला तोळा

माझं माहेर नान्नजच्या अंगाला, माळावर. माळ म्हंजे निव्वळ गवत, झाड म्हणून बघाया जावं तर एखादी बाभळ, आन् त्या गवतात आमची मेंढरं. तुमी काल विचारलं की बाई, तुमच्या आयुष्यात सुखाचं काय झालं ते सांगा, तवा मी मनात म्हणलं, हिला काय सांगू, आमचं काय राजाराणीचं हाय का. पण तुमी गेल्यावर भाकरी थापता थापता आठवाया बसले तर लई निघालं की. बारीक बारीक हाय सगळं. चालंल ना? मंग लिवा.

माळढोक बघितलाय का तुमी? न्हाई, तुमी शाळेच्या बाई, तुमी कुटनं बघणार. माणसाच्या छातीला लागंल एवढं पाखरू, मान पांढरी, डोईवर काळी टोपी घातल्यागत, आन् चालतो कसा, तर गावचा पाटील शिवार बघाया निघाल्यागत. घाई न्हाई, भ्या न्हाई. माझा बाप, आमी आबा म्हणायचो, तो मला गवतात खाली बसवायचा आन् म्हणायचा, गप, पाटील चाललेत. आमी दोघं तोंड दाबून हसायचो. पुढं एकदा खरा पाटील आमच्या खोपटाकडं आला, डोईला काळी टोपी, आन् मी लहान, मी आतनं वरडले, आबा, माळढोक आला! आबानं पाठीत एक धपाटा घातला, पण सवता तोंड फिरवून हसत हुता. तर असलं आमचं घर. खायला कमी आन् हसायला लई.

आई मानमोडीच्या साथीत गेली. त्या साथीत आमच्या वस्तीवर घरटी एक माणूस तरी गेलं, तेव्हा त्याचं वेगळं काय सांगायचं न्हाई. जाताना तिनं गळ्यातली बोरमाळ काढून माझ्या हातात दिली. सोन्याचे बोराएवढे पोकळ मणी, दोऱ्यात ववलेले. तोळाभर सोनं असंल नसंल, पण आई त्याला बोरमाळ म्हणायचीच न्हाई, माझा तोळा म्हणायची. माझा तोळा कुटं हाय, माझा तोळा दे गं. मंग मीबी तेच म्हणायला लागले.

लगीन कसं ठरलं ते ऐकलं तर हसाल. आबा मेंढरं घेऊन सोलापूरच्या बाजाराला गेला, तितं अक्कलकोटाच्या पलीकडचा एक मेंढपाळ भेटला. बाजारात सौदा कसा हुतो म्हाईत हाय ना? रुमालाखाली एकमेकाची बोटं धरायची, तोंडातनं शब्द काढायचा न्हाई. ह्या दोघांचं तसं दोन-चार बाजार जमलं, आबाला वाटलं माणूस सरळ हाय, त्याच्या घरात पोरगी द्यावी. भाषेचा इचारच आला न्हाई. येणार कसा? दोघं कधी बोललेच न्हाईत! मी त्या घरात पाऊल टाकलं तवा कळलं, सगळं घर कानडी. मालकांना बाजारापुरतं मराठी यायचं, पण मालक चार-चार दिस मेंढरांमागं रानात. घरात मी आन् सासू. दोघींत सारखा शब्द एकच, आत्ती. सासूला आमीबी आत्ती म्हणतो आन् तीबी आत्तीच म्हणतात. बाकी सगळा अंधार.

ती मला म्हणायची, नीरु हाकु. बोट रांजणाकडं. म्हंजे पाणी वत. मला हाकु म्हंजे हाक मार वाटलं, आन् रांजणापल्याड अंगणात सासरा बसलेला. मी आपलं मोठ्यांदा, मामंजी, ओ मामंजी! सासरा धावत आला, काय झालं, कुणाला काय चावलं. सासूनं कपाळाला हात लावला. आता हसू येतंय, तवा रडू आलं. ती हसली न्हाई ना. ती हसतच नसे. कानडी आपल्याला समजत नसली की भांडल्यागत वाटतं, ती नुसतं भाकर खा म्हणली तरी मला वाटायचं, शिव्या देती. ज्या घरात कुणासंगं हसता येत न्हाई तितं जन्म कसा काढायचा, सांगा.

मंग मी ठरवलं, जायचं. आबा अक्कलकोटच्या बाजाराला येणार हुता, त्याला न्यायला ये म्हणून निरोप धाडला, त्याच्यासंगं निघायचं आन् परत यायचं न्हाई. लुगडी, चोळ्या, आईची फणी, सगळं एका लुगड्यात बांधून गठुडं दाराआड ठेवलं. अडकलं हुतं एकच. बोरमाळेचा दोरा तुटला हुता आन् दोन मणी चेपले हुते, ती मालकांनी अक्कलकोटच्या सोनाराकडं दिली हुती. सोनार आज देतो उद्या देतो करत हुता. माझं म्हणणं, आईचा तोळा हातात आल्याबिगर मी हलत न्हाई. तेव्हा मी रोज वाटंकडं डोळं लावून बसलेली, आधी तोळा येतो का आधी आबा.

बाजाराच्या आदल्या दिशी, दुपार कलली हुती. पुरुषमाणसं रानात. सासू घरामागं लोकर वाळवत हुती. अंगणात डालग्याखाली बारकी कोकरं झाकलेली. आन् मागनं सासूचा आवाज आला, तोळ बंतु! तोळ बंतु! बंतु म्हंजे आला, एवढं मला एव्हाना कळत हुतं. तोळा आला! माझं काळीज असं उडालं म्हणता. सोनार आला, माझा तोळा आला, आता मी सुटले. पण सोनं घरात येतंय तर मोकळ्या हातानं कसं घ्यायचं, आईची रीत हाय, हळदीकुंकू लावून घ्यायचं. मी चटशिरी पितळंचं ताट घेतलं, त्यात हळदीकुंकवाच्या वाट्या, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या, आन् डोईवरचा पदर सारखा करून अंगणात.

अंगणात कुत्रं उभं. भुरकट, उंच पायाचं, पोट खपाटीला गेलेलं. डालगं उलटं झालेलं आन् कुत्र्याच्या तोंडात कोकरू. तुमाला खोटं वाटंल, पण मला वाटलं सोनाराचं कुत्रं. म्हणलं, कुत्रं फुडं आलं, सोनार मागनं येत असंल, कोकरासंगं नुसतं खेळतंय. आन् मी त्याला म्हणले, या, या. आन् रीतीपरमानं त्याच्या पायांवर पाणी घातलं. बाई, त्या जनावराला जन्मात कुणी या म्हणलं नसंल! त्यानं माझ्याकडं बघितलं. पिवळं डोळं. कुत्र्याचं डोळं असं नसतं. त्यानं भुकावं तर तेबी न्हाई, शेपूट हलवावी तर तेबी न्हाई. तवा माझ्या टाळक्यात उजेड पडला की हा लांडगा हाय. हातातलं ताट दगडावर पडलं, असा खणखणाट झाला, हळदीकुंकवाचा धुरळा उडाला, आन् लांडग्यानं कोकरू टाकलं न् कुपाटीवरनं एका उडीत पलीकडं. पण जाताना वळून एकदा बघितलं बरं का. मी म्हणते त्याला इचार पडला असंल, ही कुटली रीत म्हणावं.

सासू काठी घेऊन धावत आली. बघती तर सून हातात तांब्या घेऊन उभी, कोकरू लालपिवळं होऊन तडफडतंय. म्हणली, एन माडाकत्ती? काय करतीस म्हणावं. मी गळ्याला हात लावून दाखवलं, तोळा, तोळा, बोरमाळ, सोनार. तिनं एकदा माझ्या गळ्याकडं बघितलं, एकदा वाट्यांकडं, एकदा कुपाटीकडं. मंग तिला उलगडलं. तोळ म्हंजे कानडीत लांडगा! ती बया काठी टाकून तितंच बसली न् जी हसाया लागली. दात पडलेलं तोंड उघडं, डोळ्यातनं पाणी, हात जोडून लांडगा गेला त्या दिशेला म्हणती, या, या! माझ्यासारखंच, माझ्या आवाजात. मला आधी राग आला. मंग मीबी बसले. दोघी बसलो आन् हसलो, मधे कोकरू बें बें करतंय.

कोकराच्या मानंला दात लागलं हुतं. सासू उठली, आत गेली, फडकं शोधाया. दाराआडचं माझं गठुडं तिच्या हाताला लागलं. तिनं गाठ सोडली, फणी-चोळ्या बाजूला ठेवल्या, वरचं लुगडं घेतलं आन् कोकरू त्यात गुंडाळलं. गठुडं का बांधलंय, कुणी बांधलंय, काय इचारलं न्हाई. तिला कळलं का न्हाई कळलं, आजवर मला ठाव न्हाई. आन् मीबी इचारणार न्हाई.

दुसऱ्या दिशी आबा आला. म्हणला, चल पोरी, तुझा निरोप हुता. मी म्हणले, आबा, आज न्हाई जमत, लुगडं धुवून वाळत घातलंय. आबानं दोरीवर बघितलं. लुगड्यावर हळदीचा डाग हुता, तो शेवटपातूर गेला न्हाई. आबा म्हणला, बरं. आन् व्याह्यासंगं बाजाराला गेला, दोघं न बोलता.

तोळा पुढच्या बाजारी आला. मालकांनी कनवटीची पुडी काढली तशी सासू अंगणातनं वरडली, तोळ बंतु! सासऱ्यानं काठी उचलली की! ते कोकरू जगलं, मेंढी होऊन म्हातारं झालं, त्याचंबी नाव तोळाच.

तितनं पुढं रोज भाकरी भाजताना सासू मला एक शब्द द्यायची, मी तिला एक. एकदा शेजारणीचा नवरा गावाला गेला का, असं मराठीत इचाराया गेली, आन् गेलाच्या जागी मेला म्हणली. तुझा मालक मेला का गं? ती बाई बोंबलायच्या बेतात, मी पळत, गेला गेला, काकू, गेला म्हणायचंय तिला! तीन दिस आमची चूल हसून पेटली न्हाई धड.

मंग दोन साल पाऊस झाला न्हाई, मेंढरं गेली, मालक सोलापुरात गिरणीत लागले. आता ही चाळ. हितं लांडगा न्हाई, माळढोक न्हाई. पण नळाच्या मागं मुंगसाची जोडी हाय, पोरं शाळंला गेली की बाहेर येती, एक फुडं, एक मागं. आन् शेजारी नरसव्वा हाय, तेलंगी, तिचा नवरा मागावर विणतो. पहिल्या दिशी दारात आली न् म्हणली, नीळ्ळु. मी म्हणलं, कापडं धूत असंल, कागदात नीळ बांधून दिली. ती पुडीकडं बघती, माझ्याकडं बघती. मंग हाताची ओंजळ करून दाखवली. तिला पाणी पाहिजे हुतं! मला नीरु हाकु आठवलं. म्हणलं, ये बाई, तू आमच्यातलीच. आता ती मला सांगती, तुमचा नवरा लई चांगली हाय. मी म्हणते, व्हय गं, लई चांगली हाय.

सासू अजून हाय. ती बघा खाटंवर, आपलं नाव निघालं की कान टवकारती. डोळ्यानं आता काय दिसत न्हाई तिला. संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की रोज इचारती, तोळ बंतेन? आला का म्हणावं. मी हातातलं काम सोडते, तिचा हात माझ्या गळ्यावर नेऊन बोरमाळेवर ठेवते, आन् म्हणते, बंतु, आत्ती. ती मण्यांवरनं बोट फिरवती, मंग माझ्या आवाजात म्हणती, या, या. मी भाकरीकडं जाते, न्हाईतर करपायची.

एवढंच हाय माझं. कुंकू लावून घ्या. तुमच्याबी दारात तोळा येऊ दे बाई, मराठीतला म्हणा, कानडीतला म्हणा. आत्ती, बाई निघाल्या की.