डब्यातला व्हिडिओ गेम

हसणार नसाल तरच सांगते. आमच्याकडे टीव्हीला जोडायचा एक स्वस्तातला व्हिडिओ गेम होता. आईला त्यातला रणगाड्यांचा खेळ फार आवडायचा. पण टीव्ही बैठकीत, आणि तिथे दिवसभर आजोबा.

“मामाजीसमोर बसून खेळू का वं मी?” ती म्हणायची. आजोबांना, म्हणजे तिच्या सासऱ्यांना, ती मामाजी म्हणे.

शेवटी मी गेम उघडला. बैहर रोडवरच्या दुरुस्तीच्या दुकानातून, धीर करून, गाडीतला जुना छोटा स्क्रीन मागून आणला. तारा आणि सेल जोडून सगळं स्टीलच्या डब्यात बसवलं. चालू करताच ठिणगी उडाली! स्टीलमधून वीज जाते, हे मी आदल्याच आठवड्यात परीक्षेत लिहिलं होतं. मग प्लास्टिकचा डबा घेतला.

आई ओट्याशी उभी राहून खेळू लागली. “मामाजीले सांगू नको हं.”

चौथ्या दिवशी वरण करपलं. पहिल्याच घासाला आजोबांचा हात थांबला.

“सूनबाई, वरण काहून लागलं आज?”

आईने पदर सावरला आणि घाबरून माझ्याकडे पाहिलं.

आजोबांनी तेच वरण भातात कालवलं. “दुपारी तुम्ही झोपले का तो डबा घेऊन मी बी खेळत होतो. सातव्या लेवललेच अडकलतो. तू कुठलोक पोचली?”